चार तासांची राखण नव्हे
‘चार तास मुलाकडे बघायला शिकायचं काय?’ असं एका दादांनी विचारलंय. दादा, मी जळगावात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरी जाते, आईला थोडी उसंत मिळावी म्हणून. पहिले तीन शनिवार आई घरातच असते, मी नुसतं पाहते. एका १६ वर्षांच्या मुलाला कुकरची शिट्टी सोसत नाही, म्हणून डाळ तो उठायच्या आत शिजवते. मे महिन्यात वीज गेली, पंखा थांबला की तो स्वतःच्या हाताला चावतो. तेव्हा बोलायचं नाही, धरायचं तर मुळीच नाही. ओला पंचा जवळ ठेवायचा आणि थांबायचं. हे त्याच्या आईनेच शिकवलं. ती माउली परवा नऊ वर्षांनी अमळनेरला भाचीच्या हळदीला जाऊन आली! राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ योजना आहे, तिची चौकशी जरूर करा.