सेठ खोटी बिलं पाडायला लावायलेत, अशा वेळी देवावर भरवसा म्हणजे नेमकं काय करायचं?

टॉवेल_बिलिंग: जय ख्रिस्त. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बिलिंगला आहे. माल हैदराबादला जातो, परराज्यात 50 हजाराच्या वर माल गेला की ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा सरकारी कागद) लागतं म्हणून सेठ एकाच टेम्पोतल्या मालाची 48 हजार, 49 हजार अशी वेगवेगळ्या पार्टीच्या नावानं बिलं पाडायला लावायलेत, नावं पण खोटीच. पप्पा म्हणतात नाही म्हण, देव बघून घेईल. आई म्हणते नोकरी देवानंच दिलीय, टिकव. दोघं पण बायबलातलं वचन काढूनच बोलतात, मी काय करू सांगा की.

आशीर्वादित_भाऊ: प्रार्थना कर भावा, दार उघडेल. आमेन 🙏

सातरस्त्याची_मावशी: प्रार्थना कर म्हणणं सोपंय ओ, बिलावर सही कुणाची असते ते बघा आधी. बाळा, बायबलात लूकच्या 3ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला हेच विचारतात, आम्ही काय करावं. नोकरी सोडा म्हणत नाही तो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढंच सांगतो. जक्कयचं पण तसंच, तो पण जकातदारच, येशू त्याच्याच घरी उतरला, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणाला तो. म्हणून आधी सेठला तोंडावर सांग, एकच बिल करतो, ई-वे बिल मी काढतो, दहा मिनिटाचं काम आहे. राजीनामा नंतर.

विजापूर_रोड: मावशी बरोबर पण एक सांगू का, सेठनं काढलं तर? आमच्या नात्यातला एकजण असंच नाही म्हणाला आणि बरेच महिने घरी बसला, बायको विड्या वळून घर चालवायची. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवानं काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहतात ते सगळे चांगलं झालेलंच सांगतात, याला कुणी माईक दिला नाही. बायबलात दानीएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीला नमत नाहीत म्हणून ज्यांना आगीच्या भट्टीत टाकणार असतात, ते तिघं राजाला काय म्हणतात बघा, आमचा देव सोडवील, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. मला तर त्या ‘नाही सोडवलं तरी’ मध्येच सगळा भरवसा दिसतो. पप्पांना विचार, पगार बंद झाला तर घर कसं चालवायचं ते पण ठरवलंय का.

कर_सल्ला_ऑफिस: मी ख्रिश्चन नाही, सिद्धेश्वराचा भक्त, तरी बोलतो. टेम्पो रस्त्यात धरला तर माल अडकतो, दंड बसतो, आणि सेठ पहिलं बोट तुझ्याकडं करणार. सेठला पापपुण्य सांगू नको, दंडाचा आकडा सांग, लगेच कळतं. आणि तो जे सांगतो ते व्हॉट्सअपवर लिहून माग.

टॉवेल_बिलिंग: लिहून माग हे डोक्यातच आलं नव्हतं. पप्पांशी बोललो, ते म्हणाले बहिणीची फी मी सोसायटीतून उचलतो, तू बोल. आई अजून गप्पच आहे. सेठ लग्नाला बार्शीला गेलेत, आले की मावशी म्हणतात तसं बोलतो. पोटात गोळा आलाय खरं सांगायचं तर. कुणाकडं टॅली येणारा माणूस पाहिजे असेल तर सांगून ठेवा.

सातरस्त्याची_मावशी: इथं नंबर टाकू नको, मेसेज कर. आणि आईला रागावू नको, तीच खरी काळजी करतीय.