बाबांच्या साठीला जुनं कार्तिए टँक घड्याळ घेऊ काय?

टिळकवाडीकर: बाबांची साठी पुढच्या महिन्यात. जुनं कार्तिए टँक बघालोय, 'मस्ट' मालिकेतलं, सेलवर चालणारं. पणजीत एकाकडे आहे. बजेट एक लाख, वर एक पै नाही. घेताना काय बघू?

निपाणीचा बंड्या: आणखी थोडे घाला की, नवंच घ्या. जुनं म्हणजे दुसऱ्याची कटकट आपल्या गळ्यात.

खानापूरवाला: टायटन एज घ्या. जाडी साडेतीन मिलिमीटर, शर्टाच्या बाहीत अडकत नाही. माझं सेल सोडून एक रुपया खर्च नाही.

जुना वाचक: कार्तिए मुळात दागिनेवाले हो. १९२८ साली पटियालाच्या भूपिंदर सिंगांना हार करून दिला, २,९३० हिऱ्यांचा!

खानापूरवाला: बजेट एक लाख आहे म्हणालेत ते.

शहापूर पेठ: टँक मस्ट १९७७ चं. जुन्यांची केस, म्हणजे डायलभोवतीची बाहेरची चौकट, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची. कोपरे आधी बघा, मुलामा तिथंच उडतो आणि पांढरं दिसायला लागतं. तसं असेल तर सोडून द्या. रोमन आकड्यांची डायल असेल तर सातच्या आकड्याची एक रेघ भिंगाखाली धरा, बारीक अक्षरांत कार्तिए लिहिलेलं असतं. काहींत ते दहाच्या आकड्यात. मी चाळीस हजार मोजून घरी आलो आणि मग भिंग लावलं. रेघ नुसती रेघच!

निपाणीचा बंड्या: म्हणूनच म्हटलं, नवं घ्या.

अनगोळ नाका: स्विस कंपनी आहे न्हवं ही?

जुना वाचक: पॅरिसची! १८४७ पासून. घड्याळं आता स्वित्झर्लंडात बनतात, ते वेगळं. सांतोस-द्युमाँ या वैमानिकाला विमान सांभाळत खिशातलं घड्याळ काढता येईना, म्हणून १९०४ साली मनगटावरचं करून दिलं. टँक १९१७ चं, रेनो रणगाड्यावरून. वरून बघा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रणगाड्यासारख्याच.

खानापूरवाला: रणगाडा म्हणे! आमच्याकडच्या जुलैत कातडी पट्ट्याला बुरशी येते. टायटन घ्या.

टिळकवाडीकर (सव्वा महिन्यानं): घेतलं, पणजीचंच. सातमध्ये नाव दिसलं. एक कोपरा उडालाय, पण हातात घेतल्यावर परत ठेववेना. बाबा म्हणाले, चौकोनी घड्याळ बायकी दिसतंय. परवापासून आईच्या हातात आहे.

शहापूर पेठ: कोपरा उडालेलं सोडा म्हटलं होतं की!

खानापूरवाला: मग बाबांना काय दिलं? एज अजून मिळतंय.