पोस्टग्रेस डेटाबेसचा रिपोर्ट स्लो, सांगलीत कोणी आहे का?

हळदपेठ: मंडळी, हळदीच्या सौद्यांचा रिपोर्ट टेम्प (तात्पुरतं) टेबल भरून दुसऱ्या टेबलांना जॉइन करतो, इंडेक्स (डेटा पटकन सापडायची सूची) आहे तरी हलतच नाय, काय बघू?

कृष्णाकाठ: एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते, टाक भावा, अंदाजाच्या रो (ओळी) आणि खऱ्या रो बघ आधी.

हळदपेठ: अंदाज 200, खऱ्या 40 हजार!

मिरजकरीण: मग स्टॅटिस्टिक्सच नाहीत, म्हणजे टेबलात किती नि कसला डेटा आहे याची डेटाबेसकडे नोंदच नाही. टेम्प टेबलला ऑटोव्हॅक्यूम (ही नोंद आपोआप ताजी ठेवणारी सोय) हात लावत नाही, भरून झालं की अ‍ॅनालाइझ ही नोंद घेणारी कमांड आपणच मारायची. मलाही एका दादांनी रात्री फोनवर प्लॅन ओळ न् ओळ वाचून शिकवलं, म्हणून अडलं की बिनधास्त विचार, कुणी हसत नाही इथं.

हळदपेठ: ताई, पळाला रिपोर्ट! लय आभार. रविवारी विश्रामबागला बसूया का, ज्युनिअर पोरालाही आणतो.

कृष्णाकाठ: ये की, लॅपटॉप आण.