सुपरतासा, तास आणि ताशा

चहाबाज
परवा रात्री एक जुना सामना पुन्हा पाहत बसलो. ३ ऑगस्ट २०२४, पोर्तुगालमधलं आवेइरू, पोर्तो विरुद्ध स्पोर्टिंग, नव्या मोसमाची सलामी देणारा त्यांचा सुपर कप. सहाव्या मिनिटाला गोन्सालो इनासिओ, नवव्याला पेद्रो गोन्साल्व्हिस, चोविसाव्याला सतरा वर्षांचं पोरगं जोव्हानी केंदा. स्पोर्टिंग ३-०. इथे बहुतेकांनी टीव्ही बंद केला असेल. मग पोर्तोच्या गालेनोने एक फेडला, उत्तरार्धात निको गोन्सालेस आणि पुन्हा गालेनो यांनी दोन मिनिटांत दोन, आणि जादा वेळेत १०१व्या मिनिटाला इव्हान हाइमे. पोर्तो ४-३. निकाल माहीत असूनही पाठ टेकवत नव्हतो.

पण प्रश्न शब्दांचे आहेत. निवेदक सारखा 'सुपरतासा, सुपरतासा' ओरडत होता. आई पलीकडे शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "किती तास झाले ते इतक्यांदा कशाला सांगतोय मेला?" तर हे 'तासा' म्हणजे काय? मराठीत सुपरतासाला महाचषक म्हणावं की महाकरंडक? आणि दुसरं: त्या देशात दर तिसऱ्या खेळाडूचं जे नाव असतं, ते मराठी पेपरांत कधी 'जोआओ', कधी 'जाओ', कधी 'होआओ' का दिसतं?

शब्दखोर
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तासा म्हणजे पसरट तोंडाचं पेय पिण्याचं भांडं. म्हणून चषक. चषक संस्कृतात मद्याचा पेला होता, तेव्हा अर्थ चपखल बसतो. करंडक मात्र वेगळा. करंडक म्हणजे करंडा, डबी, पेटी. कुंकवाचा करंडा असतो तो. त्याला झाकण असतं, त्यातून कुणी काही पीत नाही. रणजी करंडक, संतोष करंडक, पुरुषोत्तम करंडक हे इतके रुळलेत की कुणी झाकण शोधत नाही, ही गोष्ट निराळी.

'महाचषक' मला पटत नाही. 'महा' म्हटलं की ही विश्वचषकाहून मोठी स्पर्धा वाटते. प्रत्यक्षात हा एकच सामना: लीग जिंकणारा विरुद्ध पोर्तुगाल चषक जिंकणारा. दोन्ही एकानेच जिंकले तर चषकाच्या उपविजेत्याला बोलावतात. २०२५ साली तसंच झालं. स्पोर्टिंगने दोन्ही जिंकले होते, म्हणून समोर उपविजेता बेनफिका आला, आणि ३१ जुलैला आल्गार्व्हच्या मैदानावर पाव्हलिडिसच्या एकमेव गोलवर सुपरतासा घेऊन गेला. ज्याला उपविजेता म्हणूनही उचलता येतो त्याला 'महा' कुठून लावायचं? 'सुपर चषक' म्हणा आणि मोकळे व्हा. 'सुपर' आता मराठीच आहे.

आल्फामा
मी लिस्बनमध्ये राहते, म्हणून थोडी घरगुती भर. इथे तासा नुसत्या करंडकाला म्हणत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात सॅलडचा वाडगा तासा, फळांचा वाडगाही तासा, सणाला शॅम्पेनचा उभ्या देठाचा पेला तोही तासा. पाणी प्यायचा साधा ग्लास मात्र 'कोपु', आणि चहाचा कप 'शावेना'. सुरुवातीला शेजारणीकडे मी चहासाठी तासा मागितला होता. तिने हसत हसत कोशिंबिरीचा वाडगा पुढे केला.

ब्राझीलवाले मात्र स्पर्धेला 'कोपा' म्हणतात. पोर्तुगालमध्ये तासा द पोर्तुगाल, तासा दा लीगा, सुपरतासा. त्यामुळे बोलणारा कुठला ते एका शब्दात कळतं. गोल झाला की हे 'गोलू' म्हणतात, ब्राझीलवाले 'गोल' ओढतात.

मांडवीकाठ
आमच्या घरी कोंकणीत ग्लासाला अजून 'कोप'च म्हणतात. तोच तुमचा कोपु, शेपूट गळलेला.

ताशेवाला
थांबा. तासा? मी गणपतीच्या पथकात ताशा वाजवतो. हा आमचा ताशा तर नव्हे?

शब्दखोर
तुम्ही थट्टेत विचारलंत, पण हा धागा खरंच त्या बाजूला जातो. पोर्तुगीज तासा अरबीतून आला. स्पेनमधली 'तासा' (तिकडे कप), इटलीतली 'तात्सा', फ्रेंचांची 'तास' सगळी त्याच अरबी भांड्याची पिल्लं. आणि अरबीत ते आलं फारसी 'तश्त'वरून, म्हणजे धातूचं परातीसारखं पात्र. आता आपल्याकडे बघा. हात धुवायचं, चूळ भरायचं 'तस्त' जुन्या मराठी घरात असे. ते थेट फारसीतून. ताशा हे वाद्यही धातूच्या वाडग्यावर चामडं ताणून केलेलं, त्याच 'तास'वरून आलेलं. आणि आईंनी ऐकलेला तासही परका नाही. तास म्हणजे आधी धातूची थाळी, ठोका देऊन वेळ कळवायची. थाळीचं नाव ठोक्याला पडलं, ठोक्याचं काळाला.

म्हणजे आईंनी ऐकलं ते चूक नव्हतं. एक भांडं इराणहून निघालं. एक वाट अरबांबरोबर इबेरियात गेली आणि फुटबॉलच्या मैदानावर चांदीची होऊन उभी राहिली. दुसरी वाट दख्खनमध्ये आली आणि मनगटावर जाऊन बसली.

ताशेवाला
दीड तास पळायचं, तासासाठी. यंदा पथकात सांगतो.

चहाबाज
आईला वाचून दाखवलं. "मग मी काय वेगळं म्हणत होते" असं उत्तर मिळालं. आता नावांकडे या.

वसईकर
नावांबद्दल मी जरा भांडणार. आपण पोर्तुगीज नावं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी लिहितो. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे होती. आमच्याकडे आजही घरोघर गोन्साल्विस, लोपिस, परेरा आहेत. मराठी कानाने ही भाषा दोनशे वर्षं शेजारी बसून ऐकली आहे, आणि तिची उत्तरं आपल्या रोजच्या शब्दांत पडून आहेत.

त्या नावाच्या शेवटी जो नाकातला, 'आँव'सारखा आवाज आहे, तोच त्यांच्या भाकरीच्या शब्दात आहे. आपण ती भाकरी काय म्हणून घेतली? पाव. 'पाओ' नाही म्हटलं. त्यांचा जाहीर विक्रीचा शब्द त्याच शेवटाचा, आपण त्याचा लिलाव केला. 'लैलाओ' नाही. मग पाव आणि लिलाव लिहिणारा मराठी माणूस माणसाचं नाव आलं की 'जोआओ' का लिहितो? कारण पाव त्याने कानाने घेतला आणि हे नाव इंग्रजी पडद्यावरून डोळ्याने घेतलं. जुआंव लिहा. झुआंव तर आणखी जवळचं.

मांडवीकाठ
गोव्यात हा प्रश्नच पडत नाही. २४ जूनला सांजांव असतो, डोक्याला फुलापानांची कोपेल बांधून विहिरीत उड्या मारतात. तो सांजांव म्हणजे संत जुआंवच. बटणालाही आम्ही बुतांव म्हणतो, तोच शेवट.

रात्रपाळी
मी वर्तमानपत्रात क्रीडापानावर बसतो. अकरा वाजता पान सोडायचं असतं, वृत्तसंस्थेची बातमी इंग्रजीत येते, आणि नाव अक्षरं बघून लिहिलं जातं. वसईकरांचं पटतंय, पण दोन अडचणी. एक, वाचकाने कालपर्यंत 'जोआओ फेलिक्स' वाचलंय. आज 'जुआंव' दिसला तर त्याला नवा खेळाडू वाटेल. दुसरी, नियम लावला तर सगळीकडे लावावा लागेल. मग साबणाचं काय? तोही त्याच शेवटाचा पोर्तुगीज शब्द ना? त्याचा 'साबाव' का नाही झाला?

शब्दखोर
साबणाच्या मागे अरबी-फारसी 'साबून' उभा आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून तो शब्द या भागात फिरत होता, म्हणून त्याचा शेवट 'ण'. कप्तानालाही एकाहून जास्त वाटा आहेत. ज्या शब्दांची वाट फक्त पोर्तुगीजच, तिथे 'आव' निघतो. साबणाने वसईकरांचा नियम धुऊन निघत नाही.

वसईकर
धन्यवाद. आणि दुसरा नियमही आपल्याकडे तयार आहे. शेवटी 'ए' असलेले त्यांचे शब्द आपण 'ई' करून घेतले: पाद्री, मेस्त्री, चावी, बालदी. चारही तसेच. तर चहाबाज, तुमच्या सामन्यातला पेद्रो गोन्साल्व्हिस, त्याला सगळे 'पोते' (Pote) या टोपणनावाने हाक मारतात, म्हणजे 'मडकं'. जुन्या मराठी कानाने तो पोती झाला असता.

आल्फामा
पोती! इथे ऐकाल तर शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, 'पॉत' एवढंच कानावर येतं. चार शतकांत लिस्बनचे स्वर बरेच आक्रसलेत. शेवटचा 'ओ' तर 'उ' झालाय. पोर्तु, रोनाल्दु, गोन्सालु. गोन्साल्व्हिसचा शेवटचा 'स' 'श' ऐकू येतो: गोन्साल्व्हश. म्हणजे आजच्या लिस्बनच्या कानाने लिहायचं की सोळाव्या शतकातल्या वसईच्या, ते आधी ठरवा.

वसईकर
हा मुद्दा मानला. माझं म्हणणं इतकंच की तिसरा, लंडनचा कान मध्ये नको.

रात्रपाळी
रोनाल्डोचा 'ड' आता कुणाच्या बापाने हलणार नाही, तेवढं सोडा.

ताशेवाला
मी एक जोडतो. निवेदक फाउल झाला की 'फाल्ता' म्हणतो. आपला 'फालतू' तिथूनच ना? फालतू धक्का दिला वगैरे.

शब्दखोर
नाही. फाल्ता म्हणजे उणीव, कमी पडणं, आणि त्यावरून नियमाचा भंग. फालतू म्हणजे मुळात जास्तीचा, गरजेहून वरचा, शिल्लक उरलेला. एक कमतरता, एक जादा. आवाज जुळला म्हणून नातं लावू नये. हे मी तास-ताशाची सोयरीक जुळवून वर म्हणतोय, याची जाणीव आहे. पण तिथे भांडं प्रत्येक टप्प्यावर भांडंच होतं.

आल्फामा
मेस्त्रीवरून आठवलं. ही सुपरतासा ज्याच्या नावाने आहे त्या कांदिदु द ओलिव्हेइरांना इथे 'मेश्त्र कांदिदु' म्हणतात. तोच तुमचा मेस्त्री. आपल्याकडे मेस्त्री भिंत बांधतो किंवा गाडीखाली झोपतो. इथे तो शब्द गुरू, वस्ताद अशा मानानेही लावतात. प्रशिक्षकाला मात्र खेळाडू 'मिश्टर' म्हणतात, इंग्रजीतून उचललेला.

या माणसाबद्दल थोडं सांगावंसं वाटतं, कारण सामन्याच्या बातम्यांत त्याचं फक्त नाव येतं. १८९६ चा जन्म, लिस्बनच्या काझा पिया या अनाथाश्रमात वाढला. १८ डिसेंबर १९२१ ला पोर्तुगाल पहिला आंतरराष्ट्रीय सामना माद्रिदला स्पेनशी खेळला आणि ३-१ हरला, तेव्हाचा कर्णधार हाच. पुढे प्रशिक्षक. स्पोर्टिंगची 'पाच व्हायोलिनं' म्हणून गाजलेली आघाडी, पेइरोतेउ, त्राव्हासुश वगैरे, त्याच्या हाताखाली खेळली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त कामात सामील झाल्यामुळे सालाझारच्या राजवटीने त्याला केप व्हर्दच्या तार्राफालच्या छळछावणीत टाकलं. सुटून आल्यावर १९४५ मध्ये दोघा सोबत्यांसह 'आ बोला', म्हणजे 'चेंडू', हे क्रीडापत्र काढलं. ते आजही चालू आहे. १९५८ च्या विश्वचषकाचं वार्तांकन करताना स्टॉकहोमला तो वारला.

स्पर्धा सुरू झाली १९७९ ला, पहिली बोआव्हिश्ताने पोर्तोला हरवून घेतली. तेव्हा ती अधिकृत नव्हती. पुढे बरीच वर्षं घरी-दारी असे दोन सामने होत. २००१ पासून एकच, बहुतेक वेळा त्रयस्थ मैदानावर.

चहाबाज
हे वाचून सामना तिसऱ्यांदा लावला.

शेवटचा प्रश्न. ३-० वरून ४-३ झाल्यावर निवेदक 'रेव्हिराव्होल्ता' म्हणाला. याला मराठीत काय? आमच्याकडे हल्ली सगळे 'कमबॅक केला' म्हणतात.

आल्फामा
'रेव्हिरा' म्हणजे पुरता उलटणे, 'व्होल्ता' म्हणजे वळसा, फेरा. उलटापालट. राजकारणातही म्हणतात, घरगुती भांडणातही.

रात्रपाळी
आमच्या मथळ्यांत 'पिछाडीवरून बाजी' असतं. चार कॉलमात बसतं.

मांडवीकाठ
पारडं फिरलं.

शब्दखोर
पारडं आपोआप फिरतं, त्यात गालेनोला काही काम उरत नाही. 'डाव उलटवला' घ्या. त्यात कर्ता आहे आणि रेव्हिराव्होल्तातला उलटा फेराही आहे. 'कमबॅक' मला दुखापतीतून परतलेल्या खेळाडूसाठीच बरा वाटतो. सामन्यात कुणी कुठे गेलेलंच नसतं, तर परत कुठून येणार?

ताशेवाला
ताशातही डाव उलटतो. ढोल एका ठेक्यावर असतात आणि ताशा मध्येच तर्री बदलतो. आम्ही त्याला काहीच म्हणत नाही, नुसतं एकमेकांकडे बघतो.

रात्रपाळी
काल रात्री एक प्रयोग केला. पॅरिसच्या सामन्याच्या बातमीत बेनफिकातून तिकडे गेलेल्या पोराचं नाव 'जुआंव नेव्हिस' असं सोडलं. सकाळी वरिष्ठांचा फोन: "हा नवा कोण घेतलाय त्यांनी?" मी म्हटलं, तोच साहेब, पावातला. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "उद्या जोआओ कर. आणि येताना चार पाव आण, कँटीन बंद आहे."