मदत हवी आहे: शेळ्या गाभडल्या आणि वडिलांचा ताप हटत नाही, डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तुटक सांगितला तर त्यातला धागाच हरवतो, म्हणून सगळं एका जागी लिहिते.

वडिलांना महिना होत आला, ताप जात नाही. सकाळी बरे असतात, चार घास नीट जेवतात. दिवस कलला की कणकण सुरू होते आणि रात्री इतका घाम येतो की अंगातला सदरा पिळून काढावा. कंबर धरली आहे, उठताना भिंतीचा आधार लागतो. मलेरिया निघाला नाही. विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) थोडी जास्त आली म्हणून टायफॉइडचं औषध झालं. ताप उतरल्यासारखा वाटला आणि पुन्हा चढला.

आता दुसरी बाजू. ताप यायच्या दोन-तीन आठवडे आधी आमच्या तीन शेळ्या एकापाठोपाठ गाभडल्या, तिन्ही दिवस भरत आलेल्या. एकीची वार अडकली होती, ती वडिलांनी उघड्या हाताने सोडवली. तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या नखाशेजारी चीर पडलेली होती. मेलेल्या करडांपैकी एक कुत्र्याने ओढत माळावर नेलं. त्याच माळावरच्या डबक्यावर रात्री रानडुकरं आणि हरणं पाण्याला येतात.

जनावरांचे डॉक्टर येऊन शेळ्या बघून गेले. घरात कुणाला ताप आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. वडिलांच्या डॉक्टरांनी पाणी, प्रवास, बाहेरचं खाणं, सगळं विचारलं, पण गोठ्याचं नाव काढलं नाही. मी विषय काढला तर "त्याचा याच्याशी संबंध नसतो" म्हणाले. दोघेही मन लावून काम करणारे आहेत. पण एकाकडे अर्धी हकीकत आहे आणि दुसऱ्याकडे उरलेली अर्धी, आणि मध्ये मी एकटी उभी आहे.

मी माल्टा बेटावरच्या तापाबद्दल वाचलं. तिथे तापाने गेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये जंतू सापडला. तो येतो कुठून हे मात्र १९०५ मध्ये कळलं, जेव्हा थेमिस्टोक्लिस झामिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या! छावणीतलं शेळीचं दूध बंद केल्यावर रुग्ण झपाट्याने कमी झाले. मधली अठरा वर्षं लोक तापत राहिले, कारण शेळीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून मला झोप लागत नाही.

तर विचारायचं असं: वडिलांच्या डॉक्टरांना थोडक्यात काय सांगू आणि कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरू? शेळ्यांचं आता, इतक्या दिवसांनी, काय तपासता येईल? घरात वहिनी गरोदर आहे, तिचं काय? आणि एक गोष्ट मनाला फार लागली आहे. "हे रानडुकरांनी आणलं, त्यांना संपवा" अशी भाषा आजूबाजूला सुरू झाली आहे. त्यात तथ्य आहे का?

निशिगंध

रानजाई, मी माणसांची डॉक्टर आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. डॉक्टरांना तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या: "ताप यायच्या दोन-तीन आठवडे आधी गाभडलेल्या शेळीची अडकलेली वार उघड्या हाताने काढली, हाताला चीर होती." एवढं एक वाक्य केसपेपरला लागलं की पुढचा डॉक्टरही ते वाचतो. ब्रुसेलाचा, म्हणजे तुम्ही वाचलेल्या त्या माल्टाच्या जंतूचा, ताप सहसा संसर्गानंतर काही आठवड्यांनी उगवतो, कधी काही महिन्यांनीसुद्धा. तुमच्या तारखा त्यात बसतात. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कंबर, हेही बसतं.

ब्रुसेलासाठी रक्ताची रोझ बेंगॉल चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन किंवा एलायझा करतात. सोबत ब्लड कल्चर घ्यायला सांगा, आणि शक्यतो नवीन अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. प्रयोगशाळेला "ब्रुसेलाची शंका आहे" हे आवर्जून कळवा. एक तर हा जंतू हळू वाढतो, बाटली जास्त दिवस ठेवावी लागते. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसांना काम करताना होणाऱ्या संसर्गांत हा फार पुढे आहे. त्यांच्या जिवाचाही विचार हवा. क्यू फीवर (शेळ्यांकडून माणसांत येणारा आणखी एक ताप) याची रक्तचाचणी होत असेल तर तीही करून घ्या. एकट्या विडालवर जाऊ नका.

दोन गोष्टी कुणी सहसा सांगत नाही. पहिली: या आजारात पुरुषांच्या वृषणाला सूज येऊ शकते. तुमचे वडील हे मुलीसमोर बोलणार नाहीत. तपासणीच्या वेळी तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा, डॉक्टरांना एकट्याने विचारू द्या. दुसरी: पाठीच्या मणक्यात ब्रुसेला बसला तर तो टीबीसारखा दिसतो, आणि दोन्हींच्या औषधांत रिफाम्पिसिन येतं. म्हणून आधी तपासणी, मग गोळ्या. ब्रुसेला निघालाच तर डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरं औषध, निदान सहा आठवडे. ताप पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि घरचे लोक गोळ्या थांबवतात, तिथेच आजार उलटतो.

वहिनींना गोठ्यापासून पूर्ण लांब ठेवा. शेळ्या गाभडल्याचं त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच कळवा. त्यांना ताप नसला तरी रक्त तपासायचं की नाही ते त्या ठरवतील.

तुमचे डॉक्टर "संबंध नसतो" म्हणाले, त्याबद्दल एवढंच सांगते. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ती सुरुवातीला जपानी मेंदूज्वराची समजून डासांवर फवारण्या चालू होत्या. डुकरं खोकत होती, त्या खोकल्याचा अर्थ उशिरा लागला. विषाणू नवा होता, निपाह, वटवाघळांतून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आलेला. शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हा गोठ्यातली हकीकत न संकोचता सांगत राहा.

गुराखी

मी पशुवैद्य आहे. घरात कुणी तापलंय का, हे आम्ही विचारत नाही हे खरं आहे, आणि विचारायला हवं.

गाभडणं म्हणजे ब्रुसेलाच असं धरून चालू नका. क्लॅमिडिया, कॉक्सिएला (क्यू फीवरचा जंतू), टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, यांतल्या कशानेही शेळ्या शेवटच्या टप्प्यात गाभडतात. आणि यांतले बहुतेक गरोदर बाईला धोक्याचे आहेत, त्यामुळे वहिनींबद्दल वर लिहिलंय ते कारण कोणतंही निघालं तरी लागू. आता वार-करडं हातात नाहीत, तेव्हा तिन्ही शेळ्यांच्या रक्ताचे नमुने द्या, तीनेक आठवड्यांनी पुन्हा द्या आणि दोन्ही एकत्र तपासा. कळपातल्या बाकीच्या शेळ्यांचंही रक्त घ्या. नमुन्याच्या फॉर्मवर "घरातील एका व्यक्तीस दीर्घ ताप" असं लिहा. तुमच्या दोन अर्ध्या हकीकती तिथे एकत्र येतील.

पुन्हा एखादी गाभडली तर करडू आणि वार यांना उघडा हात नको. हातमोजे, तोंडाला चांगला मास्क. दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवा (गोठवू नका) आणि डॉक्टरांना बोलवा. मास्कचं सांगतोय त्याला कारण आहे. कॉक्सिएला वाऱ्यावर उडतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाच्या शेळ्यांच्या फार्मवरून क्यू फीवर पसरला, चार हजारांहून जास्त लोकांना आजाराची नोंद झाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी शेळीला हातही लावला नव्हता, ते नुसते जवळपास राहत होते.

दूध उकळी फुटेपर्यंत तापवा, निरसं कुणालाही देऊ नका. गाभडलेली शेळी विकायचा मोह होतो, पण तसं केलंत तर हाच धागा उद्या दुसरं कुणीतरी काढेल. लशीचा विचार निकालानंतर. ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते, देताना सुई स्वतःला टोचली तरी माणूस आजारी पडतो. ते काम घरी करायचं नाही.

धुकं

रानडुकरांबद्दल लिहितो, माझं काम वन्यप्राण्यांचं आहे. रानडुकरांत ब्रुसेला सापडतो हे खरं. पण तुमच्याकडचा क्रम नीट पाहा: मेलेलं करडू गोठ्यातून माळावर गेलं. म्हणजे आज निश्चित माहीत असलेली दिशा घरातून रानाकडे आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हेच झालं. तिथल्या बायसनमध्ये (रानगव्यासारखं जनावर) हा आजार १९१७ मध्ये आढळला, तो पाळीव गुरांकडून गेला होता. आज तिथले एल्क (मोठी हरणं) तोच आजार आजूबाजूच्या गुरांना परत देतात.

मारून प्रश्न सुटतो असंही नाही. ब्रिटनमध्ये गुरांचा टीबी आटोक्यात यावा म्हणून १९९८ ते २००५ या काळात बॅजर (बिळात राहणारा रानप्राणी) मारण्याचा मोठा प्रयोग झाला. जिथे मारले त्या भागात गुरांचा टीबी कमी झाला, पण लगतच्या पट्ट्यात वाढला, कारण वाचलेले बॅजर जागा सोडून भटकू लागले. डुकरांमागे लागण्याआधी शेळ्यांचं पाणी वेगळं करा, त्या डबक्यावर त्यांना नेऊ नका. करडाचे अवशेष माळावर असतील तर हातमोजे घालून उचला आणि चुना टाकून खोल पुरा. मेलेलं रानजनावर दिसलं तर स्वतः हात न लावता वनखात्याला कळवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद लिहून दिला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःहून पशुवैद्यांचा फोन नंबर मागून घेतला. रोझ बेंगॉल पॉझिटिव्ह आली आहे, खात्रीची चाचणी आणि कल्चर पाठवलंय. वडिलांना एकट्याने विचारलं तेव्हा निशिगंध यांनी लिहिलेला त्रासही निघाला, इतके दिवस ते गप्प बसून होते. वहिनी माहेरी गेली, तिचंही रक्त दिलंय. शेळ्यांचे नमुने गेले. अवशेष शोधून पुरले.

आता फक्त एक राहिलं. ज्या कुत्र्याने करडू ओढलं तो घरातच वावरतो, मुलांच्या अंगाखांद्यावर असतो. त्याला तपासायला हवं का?

गुराखी

हो, त्याचंही रक्त द्या. गाभडलेलं खाऊन कुत्र्यांना ब्रुसेला होतो, आणि लक्षण दिसेलच असं नाही. निकाल येईपर्यंत त्याला वेगळा बांधा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, त्याच्या लघवीची जागा जंतुनाशकाने धुवा. शेळ्यांचा रिपोर्ट आला की इथे टाका, पुढचं त्यावर ठरवू.