सातपुड्यातल्या गस्ती कॅम्पांचा पावसाळी शिधा: इंदूरहून न्यायचा की पिपरियात घ्यायचा?

रामबागकर
मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो, गस्त मात्र सुरूच राहते. आपल्या इंदूरच्या मंडळाने यंदा वनरक्षकांच्या सहा गस्ती कॅम्पांना शिधा द्यायचं ठरवलंय. प्रत्येकी चौघं, म्हणजे २४ माणसं, ७५ दिवस. माणशी रोज ४०० ग्रॅम कणीक, १५० तांदूळ, १०० डाळ, ४० तेल धरलं तर कणीक ७२० किलो, तांदूळ २७०, डाळ १८०, तेल ७२. मीठ-साखर-चहा, गमबूट, रेनकोट, मच्छरदाण्या, टॉर्च धरून दीड टनाच्या आत बसेल. माझं म्हणणं, सगळं इंदूरच्या सियागंज बाजारातून ठोक भावाने घ्यावं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकच पिकअप थेट सोहागपूरमार्गे मढईला, म्हणजे देनवा नदीकाठच्या प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी न्यावी. छोटा हत्ती टेम्पो नको, तो पाऊण टनाच्या आसपासच ओढतो, दोन फेऱ्या पडतील.

लोकमान्यनगर
काका, मला हे पटत नाही. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर होतात. बाराचं मायलेज धरलं तरी ५० लिटर डिझेल, वर परतीच्या रिकाम्या गाडीचं भाडं. पिपरिया ही सातपुड्याजवळची तुरीची मंडी, डाळमिली तिथेच. तिथून आलेली डाळ सियागंजात विकत घेऊन पुन्हा तिकडेच न्यायची? धान्य-तेल पिपरियात घ्या, तिथून मढईपर्यंत गावातलीच गाडी करा. इंदूरहून फक्त गमबूट-रेनकोटसारखं सामान पाठवा, तेही इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट एक्सप्रेसने पार्सल.

रामबागकर
पार्सलचा मला भरवसा वाटत नाही. पिपरियाला गाडी थोडाच वेळ थांबते. नग उतरवायचे राहिले तर थेट जबलपूर. आणि पिपरियात ओळखीचा व्यापारी नसेल तर जुनी डाळ गळ्यात पडते. सियागंजात पोतं उघडून, मूठभर हातात घेऊन, भुंगा आहे का ते बघून घेता येतं.

लोकमान्यनगर
सामानाचे चार-पाचच नग करा, प्रत्येकावर दोन बाजूंना नाव-पत्ता रंगवा, उतरवून घ्यायला माणूस फलाटावर उभा ठेवा. आणि पोतं पिपरियातही उघडून बघता येतं.

राजेंद्रनगर
तुमचा दोघांचा वाद डांबरी रस्त्याचा आहे. खरी अडचण मढईच्या पुढे सुरू होते. जूनमध्ये तवा धरणाचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. देनवा ओलांडायची नाव नेहमीच्या जागेपासून दूर, खाली लागते. मधला पट्टा वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की आत चिखल. तिथे गाडी घातली तर रुतलीच. सगळं डोक्यावरून न्यावं लागतं, म्हणून ५० किलोचं पोतं कामाचं नाही. २० किलोचेच नग बांधा, साधारण ७० ते ७५ होतील. तेलाचे १५ किलोचे डबे उभेच ठेवा. आडवा पडला की झाकणाच्या कडेने पाझरतो आणि शेजारची कणीक खवट होते.

परवानगीचंही कुणी बोललं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम २७ आणि २८. परवान्याशिवाय आत जाता येत नाही, मग आपला हेतू कितीही चांगला असो. सामान प्रकल्पाच्याच व्याघ्र फाउंडेशनच्या नावाने द्यावं, कॅम्पवार यादी करून प्रत्येक कॅम्पची पोच मागावी. मंडळाच्या पोरांनी आत जायचा हट्ट धरू नये.

सुदामानगर
ताई, नुसतं कार्यालयात सोपवलं तर तिथेच पडून राहील हीच भीती असते. पाठीवर माल नेणारी खेचरं केली तर? हमालीही वाचेल.

राजेंद्रनगर
खेचरं नकोत, दादा. पाळीव जनावरांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांना लस टोचायची तरतूद कायद्यात (कलम ३३-क) आहे ती त्याच कारणाने. पडून राहू नये म्हणून नगांवर कॅम्पचं नाव आधीच लिहा. सहा रंगांची सुतळी वापरली तर नावेवरच्या माणसालाही वाचायची गरज पडत नाही.

लोकमान्यनगर
मग पिपरियाच्या बाजूने आणखी एक मुद्दा. ७२० किलो कणीक एकदम देऊच नका. पावसाळी हवेत महिनाभरात तिला जाळी धरते, अळ्या होतात. गहू द्यावा तर दळणार कुठे? बोरी, चुरणा ही गावं हलवलेली आहेत, आत चक्की नाही. आणि रोटीशिवाय तिकडच्या माणसाचं भागत नाही. म्हणून जूनमध्ये ३५ दिवसांची ३३६ किलो, उरलेली ३८४ ऑगस्टमध्ये ताजी दळून. तेव्हा पाणी चढलेलं असतं, नाव काठाला लागते, फक्त उघडीप बघायची. हा दुसरा हप्ता इंदूरहून पाठवायचा म्हणजे पुन्हा सहाशे किलोमीटर.

रामबागकर
कणकेचं पटलं. दोन हप्ते करू, कणीक पिपरियातच दळू. डाळ मात्र मी सियागंजातूनच घेणार. किलोला चमचाभर एरंडेल चोळून, दोन दिवस उन्हं देऊन, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. पोत्यात ती सप्टेंबरपर्यंत टिकत नाही, आणि हे काम आपल्या अंगणातच नीट होतं.

राजेंद्रनगर
गूळ यादीत असेल तर काढा. तेल-गुळाच्या वासाने अस्वल कॅम्पवर येतं, दार फोडतं. साखर द्या. आणि परवानगीचा अर्ज मे उजाडायच्या आत गेला पाहिजे, गाडी कुठून जायची ते नंतर ठरवा.