दोनशे पेपर, हजारो सायटेशन. पण शोधलं काय?

रंकाळाकाठ: काल गल्लीच्या ग्रुपवर पोस्ट फिरली, 'कोल्हापूरचा अभिमान! डॉक्टरांचे दोनशेवर शोधनिबंध, हजारो सायटेशन, जगातल्या टॉप दोन टक्के संशोधकांत नाव.' सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात केलेला यांच्या पेपरचा उल्लेख. खाली अभिनंदनाचा पाऊस. डॉक्टरांनी शोधलं काय, हे एकानंही विचारलं नाही, राग त्याचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या गावात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं. कोकणातली किती घरं त्यामुळं वाचली! त्यांचं नाव घेताना कुणी सायटेशन मोजतं का? एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशन मोजून काढायचा आकडा, २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढला. त्यावर डॉक्टर तोलायचे?

मायक्रोस्कोप: बावस्करांचंच उदाहरण दिलंत, बरं झालं. ते १९८२ पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहीत राहिले, म्हणून प्राझोसिन महाडबाहेर पोचलं. २०११ मध्ये 'बीएमजे' या तशाच नियतकालिकात विंचवावरच्या प्रतिविषाचा अभ्यासही त्यांचाच. पेपर नसता तर आपल्याकडच्या डॉक्टरला कळलं कसं असतं? २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांमधून एकही पेपर आला नाही. त्यात कुणी लिहितोय तर त्यालाच झोडपायचं?

रंकाळाकाठ: लिहिणाऱ्याला नाही हो, नुसतं मोजणाऱ्याला बोलतोय. वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा, लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'नं २०१० ला मागे घेतला. तो खोडून काढायला ज्यांनी ज्यांनी त्याचा उल्लेख केला, ती सगळी सायटेशनंच. रिव्ह्यू पेपरला, म्हणजे दुसऱ्यांच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्याला, पोत्यानं मिळतात, आजऱ्याच्या एका पेशंटवरच्या केस रिपोर्टला कोण विचारतंय? पेपर लागतात, हे मानलं. आकड्याचं मात्र मानणार नाही.

माजी_रेसिडेंट: आकड्याचं सोडा, पेपरवरच्या नावांचं बोला. माझ्या थीसिससाठी दीड वर्ष राधानगरी, गगनबावड्याच्या पेशंटना फोन लावले. लागला नाही की गावातल्या आशाताईंना गाठायचं. एका आजोबांना एसटीचं भाडं मी खिशातनं दिलं, कारण फॉलो-अपला ते येणारच नव्हते. पेपर छापून आला तेव्हा माझं नाव चौथं! दुसरं नाव ज्यांचं, त्यांना आमच्या वॉर्डात मी एकदाही बघितलं नाही. तेव्हा शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या बढतीसाठी पहिली दोनच नावं धरायचे, मेडिकल कौन्सिलचा २०१५ चा नियम.

जुना_गाईड: थीसिस करून घेणाऱ्या गाईडना सरसकट चोर ठरवू नका. ओपीडी आटोपून रात्री अकराला विद्यार्थ्यांचे मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचे तक्ते, तपासलेत मी. १७ वर्षांच्या पोराचं वय ७१ पडलेलं, त्यावर सगळं गणित फिरलं होतं. ते कुणी पकडलं? गाईडनंच ना?

माजी_रेसिडेंट: तुमचं नाव कुणी घेतलं? अंगावर का ओढून घेताय?

जुना_गाईड: कारण माझीच पोरं हे वाचतात! माझ्याविषयी काय समजतील ती?

माजी_रेसिडेंट: मग त्यांनाच सांगा, एकही आगंतुक नाव कधी घातलं नाही म्हणून.

जुना_गाईड: घातलंय. एकदा, वरिष्ठांचं. नाही म्हणायची छाती झाली नाही. आता झालं समाधान?

माजी_रेसिडेंट: समाधान कसलं, सर? पण लिहिलंत, एवढं तरी कोण करतंय.

मायक्रोस्कोप: मूळ विषय कुठल्या कुठे गेला.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली: मी आणतो जागेवर. वडिलांना वीस वर्षं शुगर. चपलेचा अंगठा घासून जखम झाली, कळलंच नाही, मोजा काढल्यावर रक्त दिसलं. पाय कापायची भाषा सुरू झाली होती. पोस्टमधल्या या डॉक्टरांनी पायावरचा दाब कमी करणारी चप्पल आणि रोजचं ड्रेसिंग लावून दिलं. चार महिने लागले, पण पाय राहिला. म्हणून काल त्यांचे पेपर शोधले. मधुमेही पायावर एक आहे, सायटेशन फार नाहीत. त्यात वडिलांना सांगितलं तेच सगळं लिहिलंय.

रंकाळाकाठ: मग पोस्टमध्ये हे का नाही लिहिलं? हे वाचलं असतं तर मीही अभिनंदन केलं असतं. डॉक्टरांबद्दल घाईनं बोललो, तेवढं मागे घेतो. पोस्टवरचा राग कायम.

माजी_रेसिडेंट: त्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं आहे?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली: थांबा, बघतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली: त्यांच्या पीजी विद्यार्थिनीचं. डॉक्टरांचं शेवटी आहे.